खर्जाची पेटी

डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली आणि विचारलं, "काम काय करता?"

"बँडमधी हाय. मोठा बाजा वाजवतो."

"फुंकायचा?"

"व्हय."

"तो आजपासून बंद. फुप्फुसं फार थकलीत तुमची."

अण्णांनी सदऱ्याची बटणं लावली. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, ते विचारतील की किती दिवस बंद, पुन्हा कधी सुरू करू. पण ते बाहेर येऊन दवाखान्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली टेकले आणि म्हणाले, "लग्नाच्या तिथी तोंडावर आल्यात. बँडमास्तरला सांगाया पायजे, दुसरा माणूस बघ म्हणून."

अण्णा, माझे वडील, नगरच्या एका बँडमध्ये अंगाभोवती वेटोळं घालून खांद्यावर घ्यायचा तो पितळी बाजा वाजवायचे. वरातीत लोक बघतात ते क्लॅरिनेटवाल्याकडे, कारण गाणं त्याच्या हातात असतं. मोठ्या बाज्याकडे फक्त लहान मुलं बघतात, तीही त्याच्या तोंडाच्या आकारामुळे. पण खर्जाचा तो सूर थांबला, की सगळा बँड वरवरचा वाटू लागतो. अण्णा त्याला पायाबिगर भिंत म्हणायचे. तरुणपणापासून त्यांनी दुसरं काही वाजवलं नव्हतं.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. त्या वर्षी मी नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. सकाळच्या एस.टी.नं शाळेच्या गावी जायचं आणि संध्याकाळी माळीवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत परत यायचं. परत यायचे तेव्हा अण्णा ओट्यावर बसलेले असायचे. बाजा आत कोपऱ्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. अण्णा वरातीत नाहीत, घरी आहेत, अशी लग्नसराई आमच्या घरात प्रथमच आली होती. लांबून वरात ऐकू आली की आई मुद्दाम भांडी जोरात घासायची.

गल्लीत पाच पोरांचा एक ऑर्केस्ट्रा होता. गणपतीत, शाळांच्या संमेलनांत, हौशी लग्नांत सिनेमाची गाणी वाजवायचे. त्यांच्यातला बेस गिटार वाजवणारा मिलिटरीत भरती झाला आणि गिटार इथंच ठेवून गेला. ॲकॉर्डियन वाजवणारा पोरगा एका संध्याकाळी ती गिटार घेऊन आमच्याकडे आला.

"अण्णा, याला चारच तारा हायेत. फुकायचं काही न्हाई. तुमच्या बाज्याचंच काम आहे हे, फक्त बोटांनी."

अण्णा हसले. "माझं वय काय, हे वाद्य काय."

पण गिटार ठेवून घेतली. पंधरा दिवसांत त्यांच्या बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. कुठल्या सुराखाली कुठला सूर बसतो हे त्यांना शिकवावं लागलं नाही. ते कानात आधीपासून होतंच. फक्त हात नवे होते. आणि हे करताना त्यांचा चेहरा, त्या दवाखान्यानंतर पहिल्यांदा, माणसात आल्यासारखा दिसू लागला.

अडचण आवाजाची होती. ती गिटार विजेवरची. नुसती वाजवली तर मांडीला कळायची, कानाला नाही. आमच्या रेडिओच्या मागे ग्रामोफोन जोडायला एक खाच असायची, त्यात पोरांनी वायर जोडून दिली. काही दिवस त्यावर चाललं. मग एका दुपारी सर्वांत जाड तार छेडल्यावर रेडिओ आतून फाटल्यासारखा फुरफुरला, आणि त्यानंतर बातम्याही फुरफुरतच येऊ लागल्या. दुपारची गाणी ऐकणं आईनं सोडून दिलं.

तेव्हा अण्णांनी ठरवलं, की स्वतःचा अँप्लिफायर घ्यायचा. घरी शिकायला पुरेल आणि लहानसहान कार्यक्रमाला नेता येईल असा. मी म्हणाले, "माझ्या पगारातून घेऊ." त्यांनी हात हलवून तो विषयच बाजूला केला.

पहिल्यांदा आम्ही लाऊडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या माइकवाल्याकडे गेलो. त्यानं त्याचा जुना अँप्लिफायर आणि भोंगा दाखवला. अण्णांनी दोन सूर वाजवून बघितले. भोंग्यातून टणटण आवाज आला, जसा रिकाम्या डब्यावर कुणी वाजवावं. "भोंगा भाषणाला ठीक हाय," अण्णा म्हणाले, "खर्ज त्याच्या नरड्यात उतरत न्हाई."

मग एका रविवारी आम्ही पुण्याला गेलो. लष्कर भागातल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात अँप्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत असलेली दोन यंत्रं होती. लहान होती ती हलकी, दिसायलाही छान; पण खालचा सूर आला की भुंकायची. दुसरी मोठी, विलायती, काळ्या रेक्झिनची, माझ्या छातीएवढी उंच. दुकानदारानं बटण दाबलं, आतले काचेचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत आम्ही थांबलो. मग अण्णांनी एकच सूर छेडला आणि तो विझेपर्यंत बोट उचललं नाही. दुकानातल्या काचा बारीक हादरल्या. अण्णांनी डोळे मिटले होते. त्यांच्या बाज्याचाच आवाज होता तो, पण त्यासाठी त्यांना श्वास घ्यावा लागला नव्हता.

त्यांनी पेटीच्या कडीला हात घातला आणि उचलून बघितली. ती जमिनीपासून सुटली नाही. खोकल्याची उबळ आली. दुकानदारानं स्टूल दिलं, पाणी दिलं.

"दोघंजण लागतात हिला," तो म्हणाला.

"व्हय, लागत्याल." पाणी पिऊन अण्णा उठले. "चल पोरी."

येताना शिरूरच्या स्टँडवर चहा घेतला तेव्हा ते म्हणाले, "जे मला उचलवत न्हाई ते माझं कसं म्हनायचं? माझा बाजा मी बारा कोस खांद्यावर नेलाय." त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत बघत बसले. किंमतही आवाक्याबाहेरच होती.

शेवटी आमच्याच पेठेतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं पेटी बनवून द्यायचं कबूल केलं. एक मोठा स्पीकर, साधा अँप्लिफायर, आणि दोन्ही एकाच लाकडी खोक्यात. अण्णा रोज त्याच्या दुकानात जाऊन बसत. पातळ प्लायवूड नको, थरथरतं, म्हणून त्यांनी वखारीतून जाड फळ्या आणवल्या. मागची बाजू बंद ठेवायला लावली. आवाज फार मोठा नको, स्वच्छ हवा, आमी काही मैदानात वाजवणार न्हाई, असं परत परत सांगितलं. आणि वर एक कडी न लावता दोन बाजूंना दोन कड्या लावून घेतल्या. "एक तुझ्या बाजूला," मला म्हणाले.

पैशाची सोय त्यांनी बाजा विकून केली. "वाद्याचं वाद्यानं भागवायचं," एवढंच म्हणाले. श्रीगोंद्याकडच्या एका बँडची माणसं तो बघायला आली. आदल्या दिवशी अण्णांनी चिंचेनं बाजा घासून लखलखीत केला होता. घेणारा तरुण होता. अंगणात उभा राहून त्यानं गाल फुगवून जोरात फुंकर मारली.

"धक्का देऊ नका त्याला," अण्णा म्हणाले. "नुसतं वारं द्या. तो आपसूक बोलतो."

तरुणानं पुन्हा फुंकलं. थोडं बरं वाजलं. अण्णांनी मान हलवली. ते लोक बाजा घेऊन कोपऱ्यावरून वळले, तरी ते दारातच उभे होते. आईनं आतून हाक मारली, तेव्हा आत आले.

पेटी चांगली निघाली. पुण्याच्या पेटीसारखी नव्हती, पण अण्णा वाजवू लागले की ओट्याची फरशी पायाला गोड लागायची. आमची गल्ली तक्रार करील असं वाटलं होतं. उलट शेजारची म्हातारी म्हणाली, "तुमच्या घरात कुनीतरी मोठं मानूस बोलतंय असं वाटतं." त्या हिवाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात अण्णांनी पोरांबरोबर बरेच कार्यक्रम केले. विजेचा दाब कमी झाला की पेटीचा आवाज घोगरा व्हायचा. मग अण्णाही हलक्या हातानं वाजवायचे. रविवार असला तर मी बरोबर जायचे. त्यांच्या गोळ्या माझ्याजवळ असत, आणि पेटीची दुसरी कडीही.

असंच एक लग्न श्रीगोंद्याजवळच्या साखर कारखान्याच्या वसाहतीत होतं. स्टेज मांडून झालं होतं. तेवढ्यात वरात आली आणि बँड मांडवाशी थांबला. मी पेटीच्या मागे बसले होते. अण्णांची मान एकदम वर झाली. मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. त्यांना पहिल्याच सुराला कळलं. ते स्टेजवरून उतरले आणि गर्दीतून पुढे गेले. त्यांचा बाजा होता. त्याच तरुणाच्या खांद्यावर, पितळ काळवंडलेलं, तोंडाच्या कडेला एक नवा पोचा.

गाणं संपल्यावर तरुणानं त्यांना ओळखलं. वाकून नमस्कार केला. "वारंच देतोय, अण्णा," तो म्हणाला.

"ऐकलं की. चांगला वाजीवतो." अण्णांनी हात पुढे केला, पोच्यावरून अंगठा फिरवला आणि हात मागे घेतला.

तो फार काही चांगला वाजवत नव्हता. हे मलाही कळत होतं. अण्णा परत येऊन बसले. त्या संध्याकाळी त्यांनी इतकं हळू वाजवलं, की गाणाऱ्या पोरानं दोनदा मागे वळून बघितलं. टेम्पोतून परतताना आम्ही पेटीला टेकून बसलो होतो. ते म्हणाले, "घरात गंजला असता. त्यापरीस बरं हाय." आणि तोंड दुसरीकडे केलं.

मग पाऊस आलाच नाही. आदल्या वर्षीही जेमतेमच झाला होता. माझ्या शाळेत मुलं कमी कमी होत गेली. आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. लग्नं देवळात दोन हारांवर उरकू लागली. बँडवाले घरी बसले, ऑर्केस्ट्राही बसला. ॲकॉर्डियनवाला मुंबईला गिरणीत गेला. अण्णा मात्र रोज संध्याकाळी पेटी लावून बसायचे. त्यांच्या सुरांवर गाणं वाजवणारं कुणी नव्हतं, म्हणून ते नुसताच खर्ज वाजवत. ज्याला गाणं ठाऊक होतं त्यानं मनात म्हणायचं. मी वह्या तपासत म्हणायचे. आई म्हणायची की नाही, मला माहीत नाही.

धुळीनं त्यांचा दमा वाढला. आधी ओट्यावरून आत बसून वाजवू लागले, मग भिंतीला टेकून, मग उशांना टेकून. एक दिवस म्हणाले, "आवाज कमी कर." मी केला. "आनखी." मी बटण शेवटपर्यंत आणलं. "आता ठीक," म्हणाले आणि वाजवत राहिले. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

दिवाळीनंतर त्यांना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. नाकाला प्राणवायूची नळी लावलेली असताना अण्णा त्यांना म्हणाले, "बाई, तुमचं ऐकलं हां मी. त्या दिवसापासून फुकलं न्हाई." बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी, आई डबा आणायला घरी गेली असताना, अण्णा गेले. मी जवळ होते. त्यांचा शेवटचा श्वास फार लहान होता.

बँडची सगळी माणसं आली. मास्तर आईपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "वैनी, वाजवत नेऊ का? आमची लई इच्छा हाय."

आईनं डोळे पुसले. "जन्मभर लोकांच्या दारात वाजीवलं त्यांनी. आपल्या दारात त्यांना गप पडू द्या."

मास्तरांनी मान खाली घातली. वाद्यं आमच्या ओट्यावर ठेवून माणसं निघाली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सवयीनं ती दोन ओळींतच चालत होती.

गिटार ज्याची त्याच्या घरी पोचवली. पेटी ऑर्केस्ट्रातल्या उरलेल्या पोरांना दिली. ती नेताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला, जणू मीच वडीलधारी. पुढच्या जूनमध्ये माझी बदली जामखेडकडच्या एका खेड्यात झाली. आईला मी बरोबर नेलं. खोलीत वीज नव्हती. संध्याकाळी कंदिलाजवळ आम्ही दोघी बसायचो आणि ती नगरच्या शेजारणींबद्दल, पाण्याबद्दल, माझ्या लग्नाबद्दल बोलायची. अण्णांबद्दलही बोलायची, पण वाजवण्याबद्दल कधी नाही.

एकदा भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "त्यांच्या त्या चार तारांच्या वाद्याला काय म्हनायचं गं?"

"बेस गिटार."

"बेस गितार," ती म्हणाली. मग आणखी एकदा म्हणून बघितलं, तेही चुकलं. मी सुधारलं नाही. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला.