जव्वादूच्या वासाचा हात

परवाच्या रविवारी चर्चमध्ये एक म्हातारी शेजारी येऊन बसली आणि तिच्या पदरातून जव्वादूच्या सुगंधी पुडीचा वास आला. तोंडाकडे बघायची गरजच नव्हती. ती ग्रेस आंटी होती.

त्या वासासरशी मी पुन्हा शाळकरी पोर झाले. अक्काच्या लग्नाची चर्चमध्ये घोषणा झाली होती. तेव्हा ह्याच बाईनं पापनाशमला मुलाच्या घरी जाऊन अक्काला फिट्स येतात असं धडधडीत खोटं सांगितलं. लग्न मोडलं. तो मुलगा पुढे तिचाच जावई झाला.

लग्न मोडलं त्याच आठवड्यातल्या रविवारी ती आमच्या बाकावर, आईला लागून बसली. प्रभुभोजनाआधी शेजाऱ्याचा हात दोन्ही हातांत घेऊन त्याला शांती द्यायची, ही आमच्याकडची रीत. आईनं तिचा हात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. आंटीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, पस्तावली. आईची मला लाज वाटली.

घरी अक्का रडत म्हणाली, "माफ कायला केलीस गे तिला?"

आई साडीची घडी घालत होती. "प्रभूनं हात दे म्हटलंय," ती म्हणाली. "किती दाबायचा, ते काही म्हटलं नाही."

परवा माझी पाळी आली. एवढी वर्षं जपून ठेवलेला राग घेऊन मी तो हात धरला. आत नुसत्या काटक्या. दाबला असता तर मोडलाच असता. तिनं मला ओळखलंही नाही. "शांती असो, पोरी," म्हणाली.

मी हळूच हात सोडला. ह्याला कोणी क्षमा म्हणत असेल तर म्हणो. मला आईचा हेवा वाटला.