खिडकीसमोरचा दिवा

माझ्या मावशीला रस्त्यावरच्या दिव्यांचं वेड. पोस्टासमोरचा तीन तोंडांचा, तलावाकाठचा हिरव्या काचेचा, गावातला एकही वेगळा दिवा तिनं सोडला नव्हता. फोटो मात्र पेटलेल्या दिव्याचाच. विझलेला म्हणजे नुसता खांब, असं ती म्हणते. अख्खा खांब मावावा म्हणून ती कॅमेऱ्याला डोळा लावून मागे मागे सरकते, रस्ताबिस्ता काही बघत नाही. म्हणून काका मागे उभे राहून तिच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा धरायचे. "बायकोला लगाम!" म्हणून लोक चिडवायचे, काका खुशाल हसायचे.

मग काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता खिडकीशी पलंग आणि डाव्या हाताशी पितळी घंटा. मिक्सर चालू असला तरी मावशीला ती ऐकू येतेच.

त्याच खिडकीसमोर लोखंडी वेलबुट्टीचा एक दिवा होता. अंधार पडला की त्याचा उजेड काकांच्या पांघरुणावर यायचा आणि ते बघत पडायचे. त्याचा फोटो मावशीनं कधी काढलाच नाही. घरचाच तर आहे, पळून जातोय थोडाच! आणि परवा भर दुपारी खांब काढायला क्रेन दारात उभी.

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. "यांना काय दाखवू गं आता?"

मी धावत क्रेनपाशी गेले. वायरमन वर पाळण्यात चढला होता.

"दादा, वायर तोडू नका! एकदाच पेटवा हो."

"दिवसा कसा पेटेल, ताई? अंधार झाला की आपोआप लागतो तो."

"मग अंधार करा ना!"

तो हसला. डोक्यावरची टोपी काढून त्यानं दिव्यावरच्या सेन्सरवर पालथी घातली. आम्ही वर बघत राहिलो. दिवा लागला.

मावशीनं कॅमेरा उचलला आणि मागे सरकायला लागली. फुटपाथ संपला तरी सरकतच होती. वळणावरून टेम्पो येत होता. मी जीव तोडून ओरडले, पण नुकत्याच सुरू झालेल्या क्रेनच्या घरघरीत मलाच माझा आवाज ऐकू येईना. मी पोचणार नव्हते.

तेवढ्यात घंटा वाजली. खणखण, नुसती खणखण.

"आले हो!" म्हणत मावशी थबकली, खिडकीकडे वळली. टेम्पो तिच्या पिशवीला घासून गेला.

वळताना बटण दाबलं गेलं आणि फोटो हलला. त्यात दिवा नाहीच. खिडकीतून अर्धे बाहेर आलेले काका आहेत, घंटा धरलेला हात वर. मावशीनं तोच मोठा करून पलंगासमोर लावलाय.

"अगं, दिवा कुठाय यात?" मी विचारलं.

"नाही आला," मावशी काकांची उशी सारखी करत म्हणाली. "पट्टा धरणारा आला."