सहाव्या मजल्यावरचं पाणी

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या त्या बहुमजली कार पार्कमधली घटना मी तिथल्या पोलीस खात्यातून निवृत्त होईपर्यंत कुणाला पूर्ण सांगितली नाही. आज सांगतो.

दुपारी कंट्रोल रूमचा निरोप आला. एक वयस्कर आशियाई माणूस चार दिवस जड सॅक घेऊन तिथला जिना चढतो-उतरतो आहे. अशा खबरीत आम्हाला दोनच शंका येतात: सॅकमध्ये काहीतरी आहे, नाहीतर माणूस उडी मारणार आहे.

वर पोहोचलो तर गृहस्थ दुधाच्या प्लॅस्टिक बाटल्यांमधलं पाणी शांतपणे गटारात ओतत होते. नाव विचारलं आणि आडनाव ऐकून मराठीवर आलो.

“काका, हे काय चाललंय?”

“अरे वा, आपलेच साहेब! प्रॅक्टिस हो. भरलेलं वर आणायचं, ओतायचं, हलकं होऊन उतरायचं. गुडघे वाचतात. दर रविवारी सिंहगड चढलेला माणूस आहे मी.”

चौकशीत खिशातून एक कागद निघाला. काका पुण्याहून मुलाकडे आले होते. अमेरिकेतल्या वाळवंटातल्या एका खोल दरीत सहकुटुंब उतरायचा बेत मुलाने टाईप केला होता. निघायची वेळ, टोप्या, पाणी, सगळं त्यात होतं. मुलगा, सून, नात यांच्यापुढे टिकमार्क होते. ‘बाबा’पुढे प्रश्नचिन्ह.

“ते खोडायचंय मला. नाहीतर बसवतील हॉटेलात, सामान राखायला.”

बोलता बोलता त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं.

“मुलाला नका सांगू, साहेब.”

मुलगा न्यायला आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, “ऑनेस्टली सांगा, नेऊ का बाबांना?”

“तुमच्यापेक्षा फिट आहेत ते.”

नोंदवहीत लिहिलं: सॅकमध्ये पाणी, संशयास्पद काही नाही.

गड आधी चढायचा असतो, दमल्यावर उतरायचं. दरीत सगळंच उलटं. उतार ताज्या दमाचा. खडा चढ मागाहून, भर उन्हात, पाणी संपत आल्यावर. हे आम्हा दोघा पुणेकरांच्या डोक्यात आलंच नाही. काका परतीच्या चढावर एका वळणाशी बसले, ते उठले नाहीत.

महिन्याभराने मुलगा स्टेशनवर आला, चक्क आभार मानायला. “तुम्ही बोललात म्हणून मी ते प्रश्नचिन्ह खोडलं. उतरताना बाबा सगळ्यांच्या पुढे होते.” मी त्याला चहा दिला.

अनोळखी माणसाला मी नोकरीभर खोदून खोदून विचारलं. आपला माणूस भेटला आणि विचारायचंच थांबलो.

ती गोळी मला दिसली होती, हे मुलाला अजून माहीत नाही. हे छापून येण्याआधी त्याला ते माझ्या तोंडून कळायला हवं. त्याचा नंबर शोधून समोर ठेवला आहे.