मांजराला श्रावण नसतो

शरच्चंद्र गद्र्यांनी उभ्या आयुष्यात एक मोगऱ्याची कुंडीसुद्धा सांभाळली नव्हती. घरात होती ती त्यांच्या पत्नीची, सुहासिनीबाईंची, आणि त्या गेल्यावर दोन महिन्यांत मोगरा वाळून काडी झाला. अशा माणसाने मांजर सांभाळायचं कबूल करावं, तेही रागाच्या भरात, याला कारण त्यांची मुलगी हेमा.

हेमा बंगलोरला नोकरीला. आई गेल्यापासून तिने एकच धोशा लावला होता: बाबा, धायरीचा फ्लॅट विका आणि माझ्याकडे चला. गद्र्यांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून जन्म काढला. सहीशिवाय ज्याने खिळा बाहेर जाऊ दिला नाही, तो माणूस स्वतःला असं उचलून कुणाला नेऊ देतोय थोडाच. मे महिन्यात ती आली तेव्हा पुन्हा तोच विषय निघाला. जिन्यात त्या सुमारास एक भुरकी मांजरी हिंडायची. हेमाने ती उचलून आत आणली आणि टेबलावर ठेवली.

"एकटं राहता येतं म्हणता ना? मग हिला सांभाळून दाखवा. गणपतीत मी येते. ही धडधाकट दिसली तर मी बंगलोरचं नाव काढणार नाही. नाही दिसली तर निमूट बॅग भरायची."

"चालेल," गद्रे म्हणाले. मांजरी तेवढ्यात त्यांच्या चहात तोंड घालत होती.

मांजर पाळलंय म्हटल्यावर अख्ख्या इमारतीला कंठ फुटला. वरच्या मजल्यावरचे श्रीनिवासराव निवृत्त मास्तर, त्यामुळे त्यांचा पहिला मान. दूध कोमट द्या, गळ्यात घुंगरू बांधा, आठ दिवस दार उघडू नका, ती सात घरं फिरल्याशिवाय एका जागी टिकत नाही. प्रत्येक जण सुरुवात मात्र एकाच प्रश्नाने करायचा: पहिल्यांदाच पाळताय का?

"नाही," गद्रे म्हणायचे, "गेल्या जन्मी वाघ होते."

चिडण्यासारखंच होतं सगळं. वाळूचा ट्रे आणला तर बाईसाहेबांनी त्याच्याकडे ढुंकून न बघता मोगऱ्याच्या रिकाम्या कुंडीत कार्यभाग उरकला. गोधडी घातली तर झोपली गद्र्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर. आणि खाणं? गद्रे रोज सकाळी दूध आणायचे, पोळी कुस्करायचे, वर चमचाभर साय घालायचे. ती वास घ्यायची, मागचा पाय झटकायची आणि गॅलरीतून खाली उतरून जायची. गद्र्यांच्या घरात याहून सात्त्विक अन्न सुहासिनीबाईंच्या हयातीत कुणाला मिळालं नव्हतं.

पंधरा दिवसांनी घाबरून त्यांनी तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तिला काट्यावर ठेवलं.

"काही खात नाही म्हणता? वजन तर उत्तम आहे. आणि दूध बंद करा, मांजरांना पचत नाही. मासे द्या, उकडलेलं अंडं द्या."

"आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"तुमच्या घरात नसेल येत काका. पण मांजराला गोत्र नसतं."

या अगोचर उत्तराचा गद्र्यांना संताप आला. पण वजन उत्तम, हे शब्द त्यांनी बरोबर घरी आणले. त्यांनी स्वतःपुरता हिशेब लावला की मांजरी मानिनी आहे, चारचौघांत खात नाही, आपण फिरायला गेलो की दूधपोळी खाते. वाटी खरोखरच संध्याकाळी रिकामी असायची. कावळे त्यांच्या हिशेबात नव्हते. दर रविवारी हेमाचा फोन आला की ते सांगायचे, "गुटगुटीत झालीय. शाकाहारावर."

जून गेला, जुलै गेला, आणि श्रावण लागल्यावर तिसऱ्या दिवशी मांजरी ओरडायला लागली. ओरडणं म्हणजे कसं, तर पायात येऊन, डोळ्यांत डोळे घालून, एखाद्याने घराण्याचा उद्धार करावा तसं. दूधपोळी पुढे ठेवली की आवाज चढायचा. श्रीनिवासरावांनी पोटात जंत झाल्याचं निदान केलं. आठवड्याभरात तिच्या पाठीची हाडं हाताला लागू लागली. गणपती तीन आठवड्यांवर आले होते. गद्र्यांना बंगलोरचा तो फ्लॅट दिसायला लागला, सकाळी नऊला कुलूप लागणारा, आणि आत आपण.

शेवटी एका सकाळी ते मांजरीच्या मागे मागे जिना उतरले. ती तळमजल्यावर सरुबाईंच्या दारात जाऊन बसली.

सरुबाई म्हणजे त्या जागेच्या मूळ मालकीण. इमारत उभी होती तिथे पूर्वी त्यांचं कांद्याचं शेत होतं. शेताच्या बदल्यात बिल्डरने जी काय रक्कम दिली ती मुलांनी वाटून घेतली, आणि सरुबाईंच्या वाट्याला खालचा फ्लॅट आला. त्यांच्या दाराशेजारी, जिन्याच्या भिंतीवर, एक पाटी होती: 'जिना सर्वांचा आहे. मांसाहारी पदार्थांचा वास आपापल्या घरात ठेवावा.' पाटी गद्र्यांनीच लिहिली होती. ती कुणासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरुबाईंनी नातवाकडून वाचून घेतली आणि एवढंच म्हटलं होतं की अक्षर झ्याक हाय.

"ही तुमच्याकडे येते?" गद्र्यांनी विचारलं.

"येती म्हंजे? दोन टाइम जेवती. सुकट लई आवडती तिला." सरुबाई भाकरी थापता थापताच बोलत होत्या. "पर आता श्रावण लागला न्हवं. गटारीला शेवटचं केलं, आता महिनाभर घरात काय यायचं न्हाई. तिला कसं सांगावं, साहेब? रोज येऊन शिव्या देती."

गद्रे पायरीवर उभेच राहिले. सारा जून, सारा जुलै त्यांनी साय घातली होती, कावळ्यांना. आणि मांजरी जगली होती ती त्या वासावर, जो आपापल्या घरात ठेवायला त्यांनी सांगितलं होतं.

"तुम्ही तिच्यापुरतं थोडं कराल का?" त्यांनी विचारलं.

"श्रावणात? न्हाई बा. माझा नेम हाय." मग त्यांनी मान वर केली. "तुमीच करा की. आमाला एक महिना श्रावण, तुमचा तर बाराई महिने असतो. त्यातला जरा मोडला तर काय हुतंय?"

दोन दिवस गद्रे धुमसत होते. डॉक्टरवर, हेमावर, सरुबाईंवर, आणि सगळ्यात जास्त त्या मांजरीवर. तिसऱ्या दिवशी तिने ओरडणंही सोडलं आणि नुसती शर्टावर पडून राहिली. तेव्हा ते उठले आणि फाट्यावर जाऊन सुकट घेऊन आले. विकणारी म्हणाली, काका, श्रावणात? गद्रे म्हणाले, माझ्यासाठी नाही. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात.

पातेलं सुहासिनीबाईंचं होतं. ते हातात घेऊन गद्रे बराच वेळ उभे होते. मग त्यांनी सुकट धुतली, भिजवली, शिजवली आणि भातात कालवली, आणि हे सगळं कसं करायचं ते खालून सरुबाई जिन्यात उभ्या राहून ओरडून सांगत होत्या, त्यामुळे गुपित असं काही राहिलं नाही. वास दारातून निघाला, जिना चढला, श्रीनिवासरावांकडे पोचला. मांजरीने वाटी चाटूनपुसून लख्ख केली आणि गद्र्यांकडे बघितलं. पहिल्यांदाच त्या नजरेत शिवी नव्हती.

दुसऱ्या दिवशी श्रीनिवासराव पाटीसमोर उभे राहून ती मोठ्याने वाचत होते. गद्र्यांनी ऐकून घेतलं. दुसरं करता काय.

हेमा गणपतीच्या आदल्या दिवशी आली. मांजरी दारातच होती, पाठ भरलेली, केस चकचकीत. हेमाने तिला उचललं, वास घेतला आणि बापाकडे पाहिलं.

"बाबा, सुकट? आईच्या स्वयंपाकघरात?"

"पैज होती. दिसतेय ना धडधाकट?"

ती तडक स्वयंपाकघरात गेली. मांजरीची वाटी घासून पालथी घातलेली, सुकटीचा डबा घट्ट लावलेला. शेजारी गद्र्यांचा डबा होता, त्यात टोस्ट. फ्रिजमध्ये दूध, साय, आणि कालचे पोहे. तिने एकेक झाकण उघडून बघितलं आणि बाहेर येऊन गद्र्यांचं मनगट धरलं. घड्याळ कोपरापर्यंत सरकलं.

"मांजर पास," ती म्हणाली. "तुम्ही नापास. मांजरासाठी शिजवता आणि स्वतः टोस्ट खाता? बॅग कुठेय?"

अख्खा पावसाळा त्यांनी मांजरीची पाठ चाचपली होती. स्वतःची कुणी चाचपेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. स्टोअरमध्ये इतकी वर्षं काढून आपलाच माल मोजायचा राहिला होता.

तेवढ्यात खालून रोजची हाक आली. "साहेब, भाकऱ्या हायेत, पिठलं हाय, खाली या. त्या मांजरीला कळतंय कुठं जायचं ते, तुमाला कवा कळायचं?" सुकट शिजली त्या दिवसापासून ती हाक येत होती, आणि तेव्हापासून रोज गद्रे गॅलरीतून सांगत होते की माझं झालंय.

मांजरी हेमाच्या हातातून सुटली आणि जिना उतरली. गद्र्यांनी एकदा कपाटावरच्या आपल्या बंद बॅगेकडे पाहिलं, एकदा मुलीकडे. मग मांडणीवरची आपली ताटली काढली आणि चप्पल न घालताच मांजरीमागोमाग उतरले. जाताना पाटी खिळ्यावरून काढून त्यांनी काखेत मारली, आणि हा अपमान कुणी पाहिला तर नाही ना म्हणून वर नजर टाकली. श्रीनिवासराव पाहत होते.

ते सरुबाईंच्या चुलीशी मांडी घालून बसले. हेमा मागून येऊन उंबऱ्यात टेकली. सरुबाईंनी दोघांनाही वाढलं, आणि विचारलं, "किती दिस हायेस, पोरी?"

हेमा बराच वेळ बापाच्या जेवणाऱ्या हाताकडे बघत राहिली.

"परवा जाते," ती म्हणाली. "एकटीच."

गद्र्यांनी मान वर केली नाही. "भाकरी जरा कडक झालीय," ते सरुबाईंना म्हणाले आणि दुसरीसाठी ताटली पुढे केली.