दारावर येणारं नाव

यांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा आमच्या वळ गावातल्या घरातलं देवघर दिसेनासं झालं होतं. त्याच्यापुढे मीच खोके रचले होते, एकावर एक, चिकटपट्टीही न काढलेले. आधी जागा नाही म्हणून ठेवले. मग देवाचं तोंड दिसत नाही हेच बरं वाटू लागलं. इस्पितळाच्या बाकावर बसून ज्याच्याकडे रोज एकच गोष्ट मागितली आणि ज्याने ती दिली नाही, त्याच्यापुढे दिवा लावायचा कशाला?

खोक्यांत काय आहे हे मलाही धड सांगता आलं नसतं. विजेऱ्या, चादरी, पाय शेकायची पिशवी, पुरुषी चपला. लोक म्हणत, एकटी पडली, वेळ जात नाही, म्हणून मोबाईलवर खरेदी करत बसते. मुलगी फोनवर रागवायची, "आई, हा आजार आहे. डॉक्टरांना दाखव." तिचं खोटं नव्हतं. वस्तू मागवली की छाती मोकळी व्हायची आणि हातात आली की पुन्हा कोरडं पडायचं. मी शाळेत ग्रंथपाल होते. मनाच्या असल्या ओढीवरची पुस्तकं मी स्वतः कपाटातून लोकांना काढून दिली आहेत. मला त्यांचा उपयोग झाला नाही, कारण मला वस्तू नकोच होत्या.

मोबाईलवरचं खरेदीचं खातं यांच्या नावावर होतं. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मी शिकलेली, तरी सबंध संसारात कधी घेतलं नाही. धाकट्या वन्सं त्यांना दादा म्हणायच्या, मुलगी बाबा. ते गेले, त्यांना नावाने हाक मारणारे यायचे थांबले आणि घरात त्यांचं नाव उच्चारणारं तोंडच उरलं नाही. मग एका दुपारी कसलीशी गाळणी आली आणि फाटकातून कुणीतरी त्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने पुकारलं. "आहेत का?" मी म्हणाले, "आहेत. झोपलेत. द्या इकडे." त्या दिवशी मी पोटभर जेवले.

सुरुवात ती. पुढे दोन वस्तू मागवायच्या असल्या तरी वेगवेगळ्या दिवशी मागवायची, म्हणजे हाक दोनदा येईल. पार्सलं ज्या गोदामातून निघतात ते आमच्याच भाताच्या शेतावर उभं आहे. यांनी शेत विकलं तेव्हा मी यांच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते. आता त्याच जमिनीवरून कुणी त्यांच्या नावाने येईल म्हणून खिडकीशी बसायची.

पितृपक्षात त्यांच्या तिथीला पहिल्यांदाच पान घालायचं होतं. वन्सं कशेळीहून सकाळीच आल्या. खोके पाहून एवढंच म्हणाल्या, "वयनी, दुकान टाकलंस का गो?" मग पदर खोचून वडे तळायला बसल्या. खीर, भोपळा, अळू, सगळं पानावर वाढून आम्ही गच्चीवर नेलं. कावळे पाण्याच्या टाकीवर ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरेना. वन्संनी हात जोडले. "दादा, काय राह्यलं असंल तर सांग. पोरीचं आमी बघू. वयनीचं बघू. ये आता." ऊन चढलं. खिरीवर साय धरली.

तेवढ्यात खालून हाक आली. तेच नाव.

मी जिना उतरले. नेहमीचा पार्सलवाला होता, पिकल्या दाढीचा. पूर्वी कापडाच्या लूमवर होता, कारखाना बंद पडल्यावर या कामाला लागला. "काकी, साब हैं क्या?" माझ्या तोंडून सवयीने निघालं, "आहेत. झोपलेत."

वन्सं माझ्यामागे जिन्यात उभ्या होत्या. "काय बोललीस?" त्यांचा आवाज चिरकला. "वर पान मांडलंस न् हितं झोपलाय सांगतेस? त्यानं जावं तरी कुठं? घरात न्हाय, पितरांत न्हाय!"

पार्सलवाला खोका छातीशी धरून उभा राहिला. वर्षभर बाकी सगळ्यांशी मी "ते नाहीत ना आता" असं गोल बोलत आले होते. त्या दारात मी आधी त्यांचं नाव घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाले, "ते गेले."

त्याने खोक्यावरचं नाव पाहिलं. मग म्हणाला, "नाम तो पुकारना पड़ता था, काकी, बाकी बात मैं हर बार धीरे करता था. सोचा, साब की नींद ना खुले." वन्सं आधी हसल्या, मग तिथेच पायरीवर बसून रडल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "पितराच्या टायमाला दादाच्या नावानं आलास. उपाशी न्हाय जायचं." त्याने खोका परतीचा म्हणून बाजूला ठेवला, चपला काढल्या, हात धुतले, मनाशी बिस्मिल्ला म्हटलं आणि आमच्या ओट्यावर बसून जेवला. यांच्यासारखाच तो वडा खिरीत बुडवून खात होता. असं खाणारे पुष्कळ असतील.

नंतर वर गेलो तर पान उलटं पडलं होतं. कावळा, मांजर की वारा, आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलं नाही.

हात त्यानंतरही फोनकडे गेला. खातं बंद केलं तेव्हा आणखी एकदा यांना खांदा दिल्यासारखं वाटलं. मुलीने सांगितलेल्या डॉक्टरकडेही जाते. खोके वन्संनी वाटून टाकले. ओढ अजून येते, विशेषतः दुपारी. तेव्हा मी ओट्यावर येऊन बसते आणि ते नाव स्वतःच घेते. ऐकायला कुणी नसतं.

त्या दुपारी कोण आलं होतं, हे मी ठरवायला बसत नाही. आलं, एवढ्यासाठी हात जोडते. सांजेला देवघरात दिवा लावताना आता "यांना परत दे" असं म्हणत नाही. "तुझ्याकडे आहेत, सांभाळ," एवढंच म्हणते. मनातला कडूपणा गेलेला नाही. तोही त्याच्याच पायाशी ठेवते. घ्यायचा तर त्यानेच घ्यावा.