लिलीची हजेरी

गिरणीच्या टाइम ऑफिसात जन्म काढलेल्या माणसाला निवृत्त करताना सोबत एखादा छोटा भोंगा बांधून द्यावा. नाहीतर तो स्वतःच घरात वाजत बसतो. भोंगेसाहेबांचं तेच झालं. गिरणीचा भोंगा त्यांच्या बोटाखाली असायचा. सगळी वस्ती त्यावर घड्याळं लावायची, आणि धापा टाकत आलेल्या कामगाराला लेट मार्क देताना साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं, ते बायकोला लग्नाच्या फोटोतही सापडलं नव्हतं. त्यांचं खरं आडनाव गल्ली केव्हाच विसरली. ते भोंगेसाहेब, म्हणून त्या भोंगेकाकू.

काकूंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: धाकट्या बहिणीकडे जाऊन चांगलं पंधरा दिवस राहायचं. लग्नं झाल्यापासून दोघी बहिणी सलग चार रात्रीही एका छपराखाली झोपल्या नव्हत्या. नोकरी होती तोवर साहेबांचा डबा आड यायचा. निवृत्तीनंतर बहीण फोनवर विचारायला लागली, "ताई, आता काय आड येतंय गं?" नेमकी तेव्हाच साहेबांनी बाग लावली.

बाग म्हणजे मागच्या अंगणातले तीन वाफे, आणि त्यांत रेन लिली. रोपवाटिकेतल्या बाईनं साहेबांना समजावून दिलं होतं, "आपल्याकडच्या उन्हाला हे फूल चांगलं. कंद वर्षभर जमिनीतच राहू देत. फक्त आधी माती पार कोरडी होऊ द्यायची, झाडाला तहान लागली पाहिजे. मग एकदम भरपूर पाणी सोडायचं. पाऊस पडला असं वाटतं त्याला, आणि थोड्याच दिवसांत फुलतं." आधी उपास, मग जेवण, तेही साहेब सांगतील तेव्हा! साहेब त्या फुलाच्या प्रेमातच पडले.

त्यांनी वाफ्यांना पाळ्या लावून दिल्या. गुलाबी लिली पहिल्या पाळीला, पांढरी दुसऱ्या, पिवळी रात्रपाळीला. एकीचं फुलून झालं की दुसरीनं कामावर हजर व्हायचं. जे कंद बारके किंवा वाकडे निघाले, ते 'अनफिट' ठरवून त्यांनी धुण्याच्या दगडामागे भिरकावले. मग व्हरांड्यात खुर्ची टाकून त्यांनी उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली.

"अहो, मी धाकटीकडे जाऊन येऊ का?" काकूंनी विचारलं.

"पहिली पाळी फुलली की जा. बागेकडे कुणी बघायचं? आणि माझ्या जेवणाचं काय?"

म्हणजे काकूंची रजा आता लिलीच्या हातात होती.

वाफ्यात पात तेवढी होती, गवतासारखी. पाणी बंद, वरून ऊन असं की जमिनीवर पाय ठेववत नव्हता. काकूंना ते बघवेना. एकतर मुका जीव, आणि तहानेनं मरायला टेकलेलं झाड फुलणार कधी आणि आपण जाणार कधी? दुपारी साहेब घोरायला लागले की त्या भाज्या धुतलेलं पाणी, भांडी विसळलेलं पाणी गुपचूप नेऊन तिन्ही वाफ्यांत ओतायच्या. साहेब उठेपर्यंत वरची माती वाळून गेलेली असायची. मग ठरलेल्या दिवशी साहेब थाटात नळी सोडायचे, आणि लिली ढिम्म. पोटभर प्यायलेल्या झाडाला त्या पावसाचं काय कौतुक?

"कामचुकार आहेत सगळ्या!" साहेब ओरडायचे. "गिरणीत असत्या तर घरी पाठवलं असतं."

"मला पाठवा ना," काकू स्वतःशी पुटपुटायच्या. पुन्हा उपास सुरू व्हायचा, आणि पुन्हा काकूंचं चोरटं पाणी.

एका सकाळी साबणाची वडी निसटली म्हणून काकू धुण्याच्या दगडामागे वाकल्या, आणि तशाच राहिल्या. अनफिट कंद फुलले होते! गुलाबी, पांढरे, पिवळे, सगळे एकमेकांच्या अंगावर. धुण्याचं पाणी उतारानं पुढच्या मोरीत जायचं; इतके महिने मागे कुणी थेंब टाकला नव्हता की ढुंकून पाहिलं नव्हतं. चार दिवसांपूर्वी सतरंजी धुतल्यावर काकूंनी टबभर पाणी तिथे ओतलं होतं, तेवढंच. काकूंनी कपाळाला हात लावला आणि दगडावर बसकण मारली. आपल्याच हातानं आपण आपली रजा बुडवत होतो! त्यांना हसू आलं, आणि मग इतका राग आला की डोळे भरून आले.

एक फूल त्यांनी पेल्यात घालून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. साहेब त्याच्यासमोर बसून जेवले, आमटीत मीठ कमी आहे म्हणाले आणि उठून गेले.

आता चोरटं पाणी बंद करून निमूट वाट पाहता आली असती. पहिली पाळी फुलली असती, रजाही मिळाली असती. पण दगडामागची ती पोरं कुणाला विचारून फुलली होती? काकूंनी बॅग भरली.

"फुलं कुठे आलीत अजून?" साहेब खुर्चीतून म्हणाले.

"मी गेले की येतील. भाजी-भाकरी सहा दिवस कोपऱ्यावरच्या खानावळीतून येईल, पुढचं तुम्ही सांगा त्यांना. आणि टाकीची मोटर वेळेवर बंद करा."

"वेळेचं मला सांगतेस? मला?"

दोन आठवडे झाले. दोघी बहिणी पलंगावर पाय पसरून शेंगा सोलत होत्या, तेवढ्यात साहेबांचा फोन आला.

"अगं, ती टाकी जरा वाहिली चार दिवसांपूर्वी. मोटर लावली, आणि डोळा लागला."

"जरा?"

"दुपारभर. सगळं पाणी वाफ्यांत गेलं." पुढचा आवाज भोंग्याचा नव्हता, एका म्हाताऱ्या माणसाचा होता. "फुललीत गं सगळी. तिन्ही पाळ्या एकदम. पाय ठेवायला जागा नाही. दाखवायला कुणी नाही इथे. तू ये ना, दोन दिवसांत मिटतील."

शेंग हातातच राहिली. बहीण त्यांच्याकडे टक लावून पाहत होती.

"अहो, आता ही मिटली, की परत फुलायला काय करायचं असतं?"

"आधी कोरडं ठेवायचं. कुणी जवळ जायचं नाही, लक्ष द्यायचं नाही. तुला माहीतच आहे."

"मग झालं तर. अजून महिनाभर मी लक्ष देत नाही," काकू म्हणाल्या, आणि स्वतःची रजा स्वतःच वाढवून त्यांनी फोन ठेवला.