ताई थांबली की

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात त्याला सगळे ‘रिस्टार्ट’ म्हणत. गिऱ्हाइकाने रडगाणं सुरू करायच्या आत तो विचारी, “बंद करून चालू केलंत का?” निम्मी मशीनं तेवढ्यावर सुधारत. उरलेल्यांसाठी त्याची ठरलेली रीत होती. एका वेळी एकच भाग बदलायचा, मग मशीनला गाढवासारखं कामाला जुंपायचं. भार सोसला तर धडधाकट. या रीतीवर त्याचं पोट चालत होतं, त्यामुळे तिच्यावर शंका घ्यायचं त्याच्या मनातही येत नसे.

त्याच्या ताईचं दुखणं बंद करून चालू करण्यातलं नव्हतं. आधी हातपाय गेले, मग वाचा गेली. डोळे तेवढे उरले, आणि तेही फार दिवस साथ देणार नाहीत, असं सांगून डॉक्टर मोकळे झाले. तिच्या पलंगासमोर पडदा आणि कॅमेरा होता. ताई ज्या अक्षराकडे बघे ते उमटे, आणि ओळ पुरी झाली की मशीन ती बोलून दाखवी. जुनं मशीन रडतखडत चालत होतं. पण भावाचं प्रेम उतू गेलं. त्याने नवेकोरे भाग आणून स्वतःच्या हाताने नवं मशीन जोडलं आणि जुनं मोडून त्याचे तुकडे दुकानात वापरून टाकले. ते अडीनडीला राहू द्यावं एवढी अक्कल या शहाण्याला सुचली नाही.

नवं मशीन पळायचं मात्र झकास. ताईने पहिल्याच दिवशी त्याला सुनावलं, “आता तुला बोलू देणार नाही.” कॉलेजातून आलेल्या लेकीला म्हणाली, “केस विंचर. भूत दिसतेस.” त्या घरात किती तरी दिवसांनी कुणीतरी हसलं.

आणि मग ते अडकायला लागलं. पडदा जागच्या जागी थिजायचा, अर्धी ओळ तशीच लटकायची. ताईची नजर त्या मेल्या पडद्यावर आपटत राहायची आणि डोळ्यांतून पाणी गळायचं. ते पुसायलाही दुसरंच कुणीतरी लागायचं.

“मामा, पुन्हा हँग झालं,” भाचीचा फोन यायचा. “आईला मला काहीतरी सांगायचंय. ‘मी गेल्यावर तू’ एवढंच येतं आणि बंद.”

त्याने मेमरी बदलली. मग डिस्क, मग पॉवर सप्लाय. शेवटी मशीन उचलून दुकानात नेलं आणि आपल्या रीतीप्रमाणे कामाला जुंपलं. पंखे घोंघावत राहिले, मशीन दिवसेंदिवस हूं की चूं करेना. घरी आणून लावलं की पुन्हा तेच. पुन्हा दुकान. तेवढे दिवस ताई भिंतीकडे बघत पडून असायची. ‘हो’ असेल तर डोळे मिट, असं सांगून लेक एकेक प्रश्न विचारायची. घराबद्दल? लग्नाबद्दल? बाबांबद्दल? ताईचे डोळे उघडेच राहायचे. जे ठाऊकच नाही ते ती पोर विचारणार तरी कसं?

शेवटी त्याने हात टेकले, मशीन घरी आणून लावलं आणि काहीही न बदलता ताईजवळ नुसता बसून राहिला. ताईने लगेच तोफ डागली, “दाढी कर. आईने दारात उभं केलं नसतं.” सगळं सुरळीत उमटलं. मग तिने लेकीकडे बघितलं. अक्षरं आली, ‘मी गेल्यावर तू’. पुढचं कसं सांगावं हे सुचेना म्हणून तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा पडदा थिजलेला होता.

त्याच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. ताईची टिंगल अडत नव्हती, कारण टिंगलीसाठी तिला थांबावं लागत नव्हतं. ताई विचार करायला थांबली, की मशीनलाही काम उरत नसे. काम नसलं की ही नवी मशीनं वीज वाचवायला डुलकी घेतात, आणि हे डुलकीतून उठतच नव्हतं. दुकानात त्याने त्याला क्षणभर रिकामं बसू दिलं असतं तर ना! काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्या वळशात बहिणीचे बोलायचे दिवस गेले.

त्याने सेटिंगमध्ये जाऊन ती डुलकी बंद केली. चहा गार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढंच काम. मग दुपारभर मशीन रिकामं ठेवलं. ते अडकलं नाही. ताई दमून झोपली होती. “राहू दे मामा, उद्या बोलेल,” भाची म्हणाली.

सकाळी दोघांनी ताईला उशीला टेकवून बसवलं. लेकीने खुर्ची अगदी जवळ ओढली. ताईच्या पापण्या अर्ध्यावर आल्या आणि तिथेच राहिल्या. श्वास नीट चालू होता, पण आतली बुबुळं एका बाजूला घसरली होती, हलत नव्हती. भाचीने कॅमेरा वर केला, खाली केला, पुसला. पडद्यावर एकही अक्षर उमटेना.

“मामा, पुन्हा हँग झालं का?”

मशीन बिघडलेलंच निघावं असं त्याला जन्मात कधी वाटलं नव्हतं. आता वाटलं, अगदी मनापासून वाटलं. त्याने माउस हलवला. बाण पडद्यावर सरसर पळाला.

“नाही गं,” तो म्हणाला. “मशीन ठीक आहे.”